एकवीस दिवसांचं पाणी

गवंडी भिंत उभी करतो, सेंट्रिंगवाला फळ्या ठोकतो, शेठ वर उभं राहून घाई करतो. पण ओतलेला स्लॅब पुढे एकवीस दिवस ओला कोण ठेवतं, हे कुणी विचारत नाही. वाशीमच्या ठेकेदार दुलीचंद शेठच्या कामांवर ते काम चंदाबाईचं होतं.

पोहरादेवीकडच्या तांड्यातली ही बाई. पन्नाशीला आलेली, हाडापेरानं लाकडासारखी, बोलायला तिखट. नवा स्लॅब म्हणजे बाळंतीण, असं ती म्हणायची. तिला उन्हात उघडं टाकलं तर पुढं जन्मभर दुखणं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाणी, आणि मधल्या वेळात ती स्लॅबवर तळवा टेकवून बघायची, अंगात ताप आहे का ते पाहावं तसा.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात जऊळक्याच्या शाळेला दोन खोल्या निघाल्या. त्याआधी कुठल्याशा गावी शाळेचं छत बसलं होतं, म्हणून वरून नवा कागद आला होता. ओव्हरसियर साहेबांनी शेठच्या हातात एक वही ठेवली. रोज पाणी मारल्याची खूण तीत हवी, आणि एकवीस दिवस स्लॅबला खालून टेकू दिलेल्या बल्ल्यांना हात लावायचा नाही. एक दिवस कोरडा गेला तरी स्लॅब फोडायचा. शेठच्या तोंडचं पाणी पळालं. चंदाबाईला मात्र तो कागद फार आवडला. आपण इतकी वर्षं घसा कोरडा करून जे सांगत होतो, ते सरकारच्या कानावर गेलं एकदाचं.

तिला तसं वाटायला कारण होतं. सहा वर्षांमागं दुसऱ्याच एका मालकानं गोदामाच्या बल्ल्या नवव्या दिवशी काढायला लावल्या. चंदाबाई पाणी आणायला गेली होती. तिची जोडीदारीण ललिताबाई खाली घमेली गोळा करत होती. याहून जास्त ती कुणाला सांगत नसे.

जऊळक्याच्या स्लॅबवर तिनं कांद्याला करतात तसे मातीचे वाफे बांधले आणि त्यात पाणी तुंबवलं. आठ दिवस बरं चाललं. पण दुष्काळाचं दुसरं वर्ष, शाळेमागची एकच विहीर, आणि नवव्या दिवशी बादली तळाला खरडायला लागली. दोराजवळ बायांची रांग लागली, भांडणं लागली. चंदाबाई दोन घागरी घेऊन उभी राहिली, तशी गावातले वडीलधारे नानाजी पुढं झाले.

"चंदे, मानसाच्या तोंडचं पानी दगडाले पाजून राह्यली काय तू?"

म्हातारा खोटं बोलत नव्हता. ती रिकाम्या घागरी घेऊन मागं फिरली, वर चढली. वाफे सुकून पांढरे पडले होते. तळवा टेकवला तर चटका बसला.

विहिरीपाशी गावातली बेबीबाई आपल्या पोराला दगडावर उभं करून आंघोळ घालत होती. तांब्याभर पाणी डोक्यावर, ते अंगावरून खाली, आणि खालून सरळ धुळीत. चंदाबाई वरून ते बघत राहिली. मग तिनं हाक मारली, "बेबे, त्या पोराले वर आन वं."

बेबीबाईला वाटलं, उन्हानं बाईचं डोकं फिरलं. पण आली. चंदाबाईनं वाफ्यात गोणपाट अंथरलं, पोराला त्यावर उभं केलं. तेवढंच तांब्याभर पाणी पोराच्या अंगावरून गोणपाटात आणि गोणपाटातून स्लॅबात मुरलं. दिवस मावळेपर्यंत अर्ध्या गावाची पोरं वर न्हाऊन गेली. पुढं बायका भाजीपाला धुवायलाही वर यायला लागल्या. कडेनं चंदाबाईनं वाळूची पोती रचली, दोर बांधला आणि एका वेळी पाचच पोरं असा कायदा केला. पुरुषांनी आपलीही सोय विचारली, तेव्हा तिनं, स्लॅबानं काय पाप केलं, असं म्हणून त्यांना पिटाळलं.

बाराव्या दिवशी ओव्हरसियर साहेब गाडीतून उतरले ते शाळेच्या छतावर पाच नागडी पोरं बघूनच. शेठ तिथंच होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. साहेब शिडी चढून गेले. फोडायला लावतो, असं बोलतच वर पोचले.

"पानी आंघोळीचं हाये, साहेब," चंदाबाई म्हणाली. "पन दुसरं हायेच नाई गावात. वलं हाये का नाई ते पाहा, मंग फोडा."

"साबण?"

"कोनाले लावू नाई देला."

"आणि एखादं पोर कडेवरून गेलं असतं म्हणजे?"

"पोत्याच्या पल्याड जो पाय टाकन त्याची आंघोळ बंद. साहेब, मी पडलेला स्लॅब पाह्यला हाये. खाली मानूस होतं."

साहेबांनी वाकून गोणपाट उचललं, खाली हात लावला. मग खाली उतरून एकेक बल्ली हलवून बघितली. एकही जागची सरकली नव्हती. वहीत त्यांनी लिहिलं, 'स्लॅब ओला आढळला.' पाणी कुठलं, ते लिहिलं नाही. पोरं मात्र तीनच्या वर चढवू नका, असं जाताना बजावून गेले.

बल्ल्या काढायच्या दिवशी गावातल्या बाया सकाळपासून येऊन बसल्या होत्या, आपल्याच घरचं कार्य असल्यासारख्या. मधली बल्ली निघाली, मग तिच्या शेजारच्या, मग सगळ्या. छत जागचं हललं नाही. साहेबांनी हातोडी मारून बघितली, मान हलवली. सगळे बाहेर आले तरी चंदाबाई आत छताखाली उभीच होती. बेबीबाईनं हाक मारली तेव्हा पदरानं तोंड पुसत आली, आणि धूळ गेली डोळ्यात म्हणून उगाच सेंट्रिंगवाल्यावर खेकसली.

दुलीचंद शेठ खुशीत होते. पोहरादेवीला धर्मशाळेचा स्लॅब पंधरा दिवसांत ओतायचा आहे, तिथंही तूच चल, म्हणाले.

"येतो ना," चंदाबाई म्हणाली. "पन शेठ, तिथं जवळपास लेकुरवाळी घरं किती हायेत?"