आळणी पाणी

अक्काने आयुष्यभर मीठ हाताच्या अंदाजाने घातलं. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. मोठाल्या पातेल्यावर मूठ मोकळी करायची आणि चव न घेता पुढच्या शेगडीकडे वळायचं. "माझ्या हातचं कधी आळणी झालं नाही," असं ती म्हणायची, त्यात फुशारकी नसे. आपलं नाव सांगावं तसं सांगायची.

निवृत्त झाल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली. भावाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. घरी बैठकीच्या खोलीत, जिथे लोक टीव्ही ठेवतात तिथे, त्याने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवलेली. मासे म्हणाल तर दोनच, बाकी सगळी मऊ प्रवाळं. दगडी प्रवाळासारखा सांगाडा यांना नसतो. पंपाने पाणी हलतं, त्यात ही डोलत उभी असतात.

"हाड नाही, कणा नाही, तरी देवाने ताठ उभं राहायला शिकवलंय," पहिल्या दिवशी अक्का म्हणाली. "आमच्या मेसच्या मॅनेजरला शिकवायचं तेवढं राहिलं."

त्यातल्या एकाला भाऊ 'छत्री' म्हणायचा. अळंबीच्या आकाराचं, चामड्यासारखं, बदामी रंगाचं. अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, आता ताटलीएवढं झालेलं. दुसऱ्या, फिकट झुबक्याचं नाव 'मुठी'. त्याच्या प्रत्येक टोकाला इवलीशी मूठ, आणि ती दिवसभर उघडायची, मिटायची. दुकानातून आला की भाऊ पाणीही न पिता आधी टाकीसमोर उभा.

"माझ्याकडे एवढं बघितलं असतं तर मीसुद्धा ताटलीएवढी फुलले असते," भावजय म्हणायची.

"तू फुललीच आहेस," भाऊ म्हणायचा आणि बोलणी खायचा.

ऐन उन्हाळ्यात भावाचं अपेंडिक्स दुखायला लागलं. खाली टॅक्सी उभी, हा पोट धरून दारात.

"अक्का, काचेवर पट्टी चिकटवलीय. पाणी तिच्या खाली गेलं की निळ्या कॅनमधलं घाल. बाकी कशाला हात लावू नकोस."

भावजय त्याच्याबरोबर गेली, ती दवाखान्यातच राहिली. घरात अक्का एकटी.

संध्याकाळी पाणी पट्टीखाली गेलेलं होतं. अक्काने निळा कॅन उघडून बोट बुडवलं. हे तर साधं गोडं पाणी! शेजारच्या पांढऱ्या कॅनमध्ये आठवड्याला टाकीतलं पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेलं खारं पाणी होतं. समुद्रातल्या जिवांना कोणी आळणी पाणी देतं का? पोटात कळा येत होत्या, बिचाऱ्याच्या तोंडून रंग उलटा निघाला असणार. तिने पांढऱ्यातलं ओतलं. रोज ओतत राहिली.

पुढे मुठी मंदावल्या. छत्रीने अंग चोरलं. अक्काला वाटलं, अशक्तपणा आला, मीठ कमी पडतंय. तिने टाकीजवळच्या समुद्री मिठाच्या पिशवीतलं डावभर मीठ जगमध्ये विरघळवलं आणि तेही घातलं.

सकाळी मुठी थांबलेल्या होत्या. एकही हलत नव्हती. छत्रीची कड राखाडी पडून सुटत चाललेली.

नेमका तेव्हाच भावाचा फोन. अपेंडिक्स फुटलं होतं, ऑपरेशन होऊन तो आता कुठे बोलण्याइतका झाला होता.

"मुठी चालू आहेत ना गं?"

"चालू आहेत. तू आधी स्वतःचं बघ."

फोन ठेवून तिने देवासमोर हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. त्याचं पोट सांभाळलंस, हे मात्र माझ्याच हातून होतंय, एवढंच म्हणाली. मग हातांना काही काम हवं म्हणून फडकं घेऊन टाकीची कड पुसायला लागली.

कडेवर पांढरी खपली धरली होती. बोटांत चोळली तर मीठ. अक्का थबकली. उशिरा येणाऱ्या मुलींसाठी आमटी शेगडीवर राहायची, आटायची आणि खारट व्हायची. मीठ कोणी घातलेलं नसायचं. अशा वेळी ती काय करायची? गरम पाणी घालायची, दुसरं काय!

पाणी उडून जातं. मीठ कुठे जातंय?

सगळ्या जन्मात आटलेल्या आमटीत मीठ घातलं नाही, आणि इथे डावभर!

तिने निळा कॅन उचललाही. मग हात थांबला. एकदा अंदाजाने केलं तेवढं पुरे. तिने फोन लावला.

"सकाळी मी खोटं बोलले. मुठी बंद पडल्यात," म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

फोनवर मागून भावजयीचा आवाज आला, "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही, गप्प बस जरा," भाऊ म्हणाला. "अक्का, छत्रीला सडका वास येतोय?"

"नाही रे."

"मग जीव आहे. आता एकदम ओतू नकोस, धक्का बसेल. एक मग टाकीतलं काढ, एक मग निळ्यातलं घाल. थोड्या वेळाने पुन्हा. आज थोडं, उद्या थोडं. आणि अक्का..."

"बोल. काय बोलायचं ते बोल."

"जेवलीस का?"

यावर मात्र तिला रडू आलं.

तिने खुर्ची टाकीसमोरच ओढली. एक मग काढायचा, एक मग घालायचा. मधल्या वेळात तिथेच बसून भाजी निवडायची. दुसऱ्या दिवशीही काही हललं नाही. त्यानंतरच्या दुपारी ती मेथी निवडत होती, आणि झुबक्याच्या टोकाची एक मूठ उघडली. अक्काच्या हातात जुडी तशीच. मूठ मिटली. पुन्हा उघडली.

"एकच जागी झालीय," तिने फोनवर कुजबुजत सांगितलं, जणू मोठ्याने बोललं तर ती पुन्हा झोपेल.

भाऊ घरी आला तोवर जवळजवळ सगळा झुबका चालू झाला होता. छत्रीची कड मात्र वाचली नव्हती. त्याने दुकानातल्या धारदार पात्याने तेवढा भाग कापून टाकला. "मऊ आहे. भरून येईल," म्हणाला.

"उद्यापासून पाणी तूच घाल," हात पुसत तो पुढे म्हणाला. "मला कॅन उचलायची बंदी आहे."

"माझ्यावर सोपवतोस? हिला सांग की."

"तुझी चूक करून झालीय. हिची अजून व्हायचीय."

"ऐकतेय मी," भावजय आतून ओरडली.

रात्री जेवायला बसल्यावर भावाने पहिला घास घेतला आणि अक्काकडे बघितलं.

"अक्का, आमटी आळणी झालीय."

अक्काने आपल्या वाटीतली चाखली. खरंच होती. जन्मात पहिल्यांदा.

"असू दे," ती म्हणाली. "आटली की लागेल बरोबर."