भासऱ्यासमोरची खुर्ची

माफ करा, मी हे लिहायला बसलोय. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहिणं हे आपलं काम नव्हे असं मला अजूनही वाटतं. त्यात मनात राग आहे. रागात लिहू नये म्हणतात, पण राग जायची वाट पाहिली तर हे राहूनच जाईल.

आमचं गाव धानोऱ्याच्या पुढं, जंगलात. मागच्या उन्हाळ्यात साठीपुढच्या माणसांची तब्येत मोजायला शहरातून एक पथक आलं. मी सुटीत घरी होतो. गोंडी येते म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. हाताची पकड मोजायची, चालायला लावायचं, आणि शेवटी खुर्ची. हात छातीशी बांधून खुर्चीवरून लागोपाठ उठायचं, बसायचं. ज्याला उठता येणार नाही त्याला त्यांच्याच गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेणार होते.

मला आनंद झाला तो मोठ्या मायसाठी. मोठी माय म्हणजे बाबांच्या चुलतभावाची विधवा. तिचा मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. हिवाळ्यापासून तिच्या पाठीत दुखायचं आणि पाय बधिर पडत चालले होते. विहिरीवर दोनदा पडली. मी म्हटलं, आता गाडी दारात येतेय.

खुर्ची मांडली शाळेच्या अंगणात. समोर चिंचेखाली गावातले सगळे म्हातारे बसलेले, आणि त्यांच्यात पुढंच तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडं बाई भासऱ्यासमोर खाटेवर बसत नाही, मग खुर्चीवर कुठली? मोठी माय भिंतीला धरत धरत आली, पदर पुढं ओढला आणि खुर्चीच्या बाजूला जमिनीवर बसली.

"आजी, वर बसा," पथकातले साहेब म्हणाले.

"इथीच बरी हावो मी."

म्हातारे हसले. साहेबांनी हातातल्या टॅबवर बोट ठेवलं. नकार.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. तिला उठताच येत नाही, हेही सांगितलं.

"नकार वेगळा आणि असमर्थ वेगळं," ते म्हणाले. "बसल्याच नाहीत, तर उठता येत नाही असं मी कसं लिहू?"

"तिच्या घरी नेऊ ना खुर्ची, सर."

"सगळ्यांची एकाच जागी, एकाच खुर्चीवर घ्यायची असते. नाहीतर मोजमापाला अर्थ राहत नाही."

मग मी भासऱ्याकडं गेलो. हात जोडले. "मोठे बाबा, थोडा वेळ घरी जाता का?"

"काऊन? मी उठून जाऊ, अन् ते बाई खुर्चीवर बसन?"

"तिचे पाय गेले हायेत."

"पाय गेले त आली कशी इथवर? कॉलेजात हेच शिकवून राह्यले का बे तुले, मोठ्या माणसाले उठवाचं?"

परत सगळे हसले. मोठ्या मायनं माझ्या शर्टाचं टोक ओढलं. "राहू दे बापू. माह्यासाठी भांडू नोको. मले गावातच राहाचं हाय."

त्यानंतर भासऱ्याची पाळी आली. खुर्चीवर ऐसपैस बसला, एकदा उठला आणि गुडघा धरून खाली बसला. असमर्थ. संध्याकाळी त्याच गाडीतून तो दवाखान्यात गेला, आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या गोळ्या अन् बिस्किटांचा पुडा घेऊन परत आला. गाडीत दोन जागा रिकाम्या होत्या. मी स्वतः पाहिल्या.

मी मोठ्या मायला म्हटलं, आपण एसटीनं जाऊ. ती म्हणाली, "पोरगा येऊ दे, मंग पाहू." मग माझी सुटी संपली. होस्टेलवरून फोन केला की आई म्हणायची, आहे तशीच आहे. मला साहेबांचा राग यायचा, भासऱ्याचा यायचा आणि सगळ्यात जास्त त्या हसण्याचा.

परवा आईचा फोन आला. पोरगा परत आला आणि तिला खाटेवर घालून दवाखान्यात घेऊन गेला. मणक्याचा टीबी निघाला. औषध सुरू झालंय, जीव वाचेल, पण कमरेखालचं आता परत येणं कठीण आहे म्हणतात.

"अन् डॉक्टर तिलेच रागावले रे," आई म्हणाली. "इतके दिवस सांगतलं काऊन नाई, म्हणून."