सीडरखालची एल्मा

माझी नणंद एल्मा राउतिओ हिच्याबद्दल आमच्या गावात कुणालाही विचारा. तो आधी हसेल आणि मग एक शिवी घालेल. तीस वर्षं तिने सरकारी ट्रकने रस्त्यावरचं बर्फ लोटलं. वरच्या मिशिगनात, अमेरिकेच्या पार उत्तरेला, बर्फ म्हणजे काय हे ज्याच्या दारासमोर साठलंय त्यालाच कळतं. एल्माच्या ट्रकखाली न आडवी झालेली टपालपेटी आमच्या रस्त्यावर शोधून सापडायची नाही. कुणी भांडायला आलं की ती काच खाली करून म्हणायची, "पेटी रस्त्यात होती की रस्ता पेटीत?" झालं, पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

नाकावर राग आणि जिभेला हाड नाही, अशी ही बाई. पण मी भावजय म्हणून सांगते, मनाने लोण्याहून मऊ. मला पहिलं बाळंतपण जड गेलं तेव्हा तिने महिनाभर माझ्या घरी राहून वेलदोड्याचा पाव भाजला, सगळ्यांना धाकात ठेवलं, आणि निघताना म्हणाली, "सिग्ने, तू आळशी आहेस, पण पोरगी गोड झालीय."

शिकार तिला माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तिच्या बापाने, शिकवली. माझ्या नवऱ्यालाही, म्हणजे रेइनोलाही, त्यांनीच. पण नेम एल्माचा. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम उघडला की आमच्याकडे शाळांना सुट्टी असते, लाकडाच्या वखारी ओस पडतात, आणि बाप्ये जंगलातल्या खोप्यांमध्ये जाऊन पंधरा दिवस दाढी करत नाहीत. आमच्या खोपीत एल्मा एकटी बाई होती, मी लग्न होऊन येईपर्यंत. तिच्या वाट्याचं हरिण पहिल्या दिवशी दुपारच्या आत टांगलेलं असायचं. रेइनोचं कधी असायचं, कधी नसायचं. भावाला ते कसं लागत असेल ते मी त्याच्या उशीला उशी लावून ऐकलंय.

मग एका वर्षी ती संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आली. चुलत दीर म्हणाले, "काय गं, दिसलं नाही का?"

"दिसलं ना. दिवसभर दिसत होतं."

"मग?"

"मग काय? बघत होते."

खोपीत हसण्याचा नुसता गोंधळ झाला. पण एल्मा खरंच बघत राहिली ती राहिलीच. बंदूक विकली आणि कॅमेरा घेतला. हिवाळ्यात हरणं सीडरच्या गर्द झाडांच्या दलदलीत गोळा होतात, तिथे वारा कमी लागतो. ही पायांना बर्फात चालायच्या फळ्या बांधून तिथे जायची. कुणाचा कान फाटलाय, कुठली मादी यंदा एकटीच आली, कुठलं पाडस उपाशी गेलं, सगळं हिला ठाऊक. आणि बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही! दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर, जो भेटेल त्याला ती सुनवायची, "यंदा चारा नाही, मादी मारा, मोठे नर सोडा." शिकाऱ्याला असं सांगणं म्हणजे जेवायला बसलेल्याच्या ताटातलं मटण काढून घेणं.

इथवर ठीक होतं. पण सासरे गेले, त्यांचं जंगल दोघांत वाटलं गेलं, आणि एल्माने आपल्या अर्ध्यात झाडाझाडावर पाट्या ठोकल्या, 'शिकार बंद'. रेइनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची लहानपणापासूनची बसायची जागा तिच्या वाट्यात होती.

"बाबांच्या जंगलात मला बंदी?" तो म्हणाला.

"बंदुकीला बंदी. तू ये की, कॉफी पाजते," ती म्हणाली.

त्या दिवसापासून भाऊबहिणीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दोन वर्षं एक शब्द नाही. शनिवारी आमच्या अंगणातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, सगळे घाम काढायला जमायचे, तिथेही हा गेला की ती यायची. निरोप मी पोचवायची. त्याबद्दल एल्माने त्या दोन वर्षांत माझी टपालपेटी तेवढी शाबूत ठेवली.

गंमत अशी की दोघं वेडे होते एकाच हरणापायी. त्या नराच्या गळ्यावर पांढरा पट्टा होता, आमच्या पाद्रीबाबांच्या गळपट्टीसारखा. म्हणून त्याचं नाव पाद्री. शिंगं अशी की दाराच्या चौकटीतून आत आली नसती. एल्माने झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात तो रात्री यायचा, कधी नुसता मागचा पुठ्ठा, कधी अर्धं शिंग. दिवसाउजेडी, डोळ्याला डोळा लावून एक फोटो मिळावा म्हणून ती चार वर्षं झुरत होती. रेइनोला तोच पाद्री टांगायला हवा होता. गेले तीन हंगाम त्याला एकही नर मिळाला नव्हता आणि खोपीत त्याची रोज टर उडत होती. "रेइनो, यंदा तरी पास्टीत खिमा घालणार, की पुन्हा बटाटाच?" पास्टी म्हणजे आमची खिम्याची मोठी करंजी.

आता त्या सकाळचं सांगते.

माझं मचाण आमच्या वाट्यातल्या उंचवट्यावर आहे. समोर दलदल पसरलेली. ती दोघांची सामाईक, कारण तिथे एरवी कुणी जात नाही. नोव्हेंबरात ती गोठलेली नसते, माणूस मांडीपर्यंत रुततो. पण त्या वर्षी थंडी लवकर आली आणि दलदलीचं पाणी गोठून काचेसारखं झालं.

उजाडल्यावर मी बंदूक मांडीवर ठेवून दुर्बीण लावली तर उजव्या हाताला, सीडरच्या झुडपाखाली, काहीतरी करडं हललं. एल्मा! अंगात करडा कोट, पोटावर पडलेली, पुढे कॅमेरा. आमच्याकडे हंगामात, चुकून गोळी लागू नये म्हणून, नारिंगी घातल्याशिवाय कुणी घराबाहेर कचरा टाकायलासुद्धा जात नाही. एल्माही घालते. पण आमची एक रीत आहे. आत कुणी बसलं असलं की पायवाटेच्या तोंडाशी झाडाला नारिंगी कापड बांधायचं. ते दिसलं की पुढचा मागच्या मागे वळतो. एल्माने आपलं नारिंगी जाकीट काढून वाटेवर टांगलं होतं आणि निश्चिंत आत शिरली होती. येणारा वाटेनेच येणार. दलदलीतून कोण येणार? पंचवीस वर्षांत कुणी आलं नव्हतं.

मग आवाज आला. खट्ट! खट्ट, कर्र, खट्ट! एल्मा दोन गळलेली शिंगं एकमेकांवर आपटत होती. नर त्या दिवसांत माजावर असतात. दोघं भिडले की तिसरा बघायला येतोच. माणसांत तरी काय वेगळं असतं? मला हसू आलं.

ते हसू तोंडातच राहिलं. डाव्या हाताला, गोठलेल्या दलदलीवरून, नारिंगी कोट घातलेला माणूस वाकून चालत येत होता. दुर्बीण लावायचीही गरज नव्हती. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर नवऱ्याची चाल लांबूनही कळते. रेइनोला शिंगांचा आवाज गेला होता. त्याला वाटलं होतं, दोन नर झुंजताहेत.

मी ओरडले, "रेइनो! एल्मा आहे!" वारा समोरून, दलदलीकडून माझ्या तोंडावर येत होता. माझा आवाज मचाणाच्या मागेच पडला असेल. त्यातून रेइनोचे कान वखारीतल्या करवतींनी निम्मे खाल्लेले. मी हात हलवले. त्याची नजर सीडरकडे लागलेली. एल्माने पुन्हा शिंगं आपटली. "अगं थांब गं बाई, थांब," मी पुटपुटत होते, जणू तिला ऐकू जाणार होतं.

माझा नवरा उतावळा नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. पूर्ण हरिण दिसल्याशिवाय बंदूक खांद्याला लावायची नाही, हे सासऱ्यांनी त्याच्या हाडात घातलेलं. तो थांबला, गुडघ्यावर बसला, वाट बघू लागला. मला वाटलं, चला, वेळ आहे. खाली उतरते, धावत जाते. एक पाय शिडीवर ठेवला.

आणि पाद्री आला.

समोरच्या झाडीतून, वारा पाठीवर घेऊन, बेधडक. त्याला ना भावाचा वास, ना बहिणीचा. तो नेमका दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. छाती माझ्याकडे, एक कूस रेइनोकडे, दुसरी एल्माकडे. मान वळवून तो सीडरकडे बघू लागला, शिंगांचा आवाज आला होता तिकडे. रेइनोला पूर्ण हरिण दिसत होतं, आडवं, स्वच्छ. त्याच्या मागचं सीडर त्याला नुसतं झुडूप दिसत होतं. त्या झुडपात, हरणाच्या थेट पलीकडे, त्याची बहीण श्वास रोखून पडली होती. आमच्या बंदुकीची गोळी हरणातून आरपार जाते. चुकली तर काय, सरळच जाते.

रेइनोने बंदूक खांद्याला लावली.

हवेत बार काढू? नाही! बार ऐकला की शिकारी थांबत नाही, घाई करतो. हरिण उधळेल म्हणून त्याच क्षणी चाप ओढतो. मी असते तरी ओढला असता. मग काय करू? देवा, काय करू? डोकं बधिर झालं होतं, पण एक गोष्ट लख्ख कळली. समोर हरिण उभं आहे तोवर त्याची बंदूक खाली येणार नाही. हरिण पडायला हवं. आणि ते रेइनोच्या आधी पडायला हवं.

मी काही एल्मा नाही. माझा नेम म्हणजे चार माद्या आणि एक टपालपेटी. डावीकडे नवरा, उजवीकडे नणंद, मधे वीतभर छाती. मी नळी मचाणाच्या कठड्यावर दाबून धरली. मानेच्या बुडाशी, पांढऱ्या पट्ट्याच्या खाली. तिथे लागलं की जनावर जागेवर बसतं. नाही लागलं, तर ते एक उडी घेईल आणि रेइनो चाप ओढेल.

श्वास सोडला. ओढला.

पाद्री खाली बसला. आधी पुढचे गुडघे, मग सगळा. उठला नाही.

मी शिडीवरून कशी उतरले ते आठवत नाही, शेवटच्या पायऱ्या तर मी पडलेच. बर्फातून धडपडत पोचले तेव्हा रेइनो हरणापाशी उभा होता आणि तोफ चालू होती.

"सिग्ने! डोळे फुटले होते का तुझे? मी निशाण धरलं होतं! पापणी लवायचा अवकाश होता! तीन वर्षं, तीन वर्षं मी..."

मी सीडरकडे बोट केलं.

तेवढ्यात सीडरच्या फांद्या हलल्या आणि एल्मा रांगत बाहेर आली, हातात शिंगं, गळ्यात कॅमेरा. रेइनोचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही, तरातरा माझ्या अंगावर आली.

"मेले! तुला दुसरं हरिण नव्हतं? तुझ्या घरात मटण कमी पडलं होतं का? चार वर्षांनी आला गं तो, माझ्याकडे बघत उभा होता!" ती रडत होती. एल्मा! जिने बापाच्या मातीलाही डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. "हे बघ, बघ काय मिळत होतं मला! बघ, काय मारलंस ते!"

तिने कॅमेरा माझ्या नाकासमोर धरला. खरंच सांगते, असा फोटो मी आजवर पाहिला नाही. पाद्रीची मान वळलेली, नाकातून वाफ, डोळे थेट आपल्या डोळ्यांत. आणि त्याच्या पोटाखालून, मागे, एक नारिंगी डाग.

एल्माने अंगठ्याने काच पुसली. डाग गेला नाही. हातमोजा काढून पुन्हा पुसली.

"हे काय लागलंय?"

रेइनो वाकून बघू लागला.

"मी आहे तो," तो म्हणाला. "एल्मा, मी आहे." आणि मग अगदी बारीक आवाजात, "सेफ्टी काढली होती मी. चाप ओढायचाच राहिला होता."

एल्माने मान वर केली. त्याच्या पावलांचे ठसे दलदलीवर जिथे संपले होते तिकडे पाहिलं. मग हरणाकडे. मग मागे वळून, आपण पडलो होतो त्या सीडरच्या बुंध्याकडे. शिंगं तिच्या हातातून गळून पडली.

तिने रेइनोच्या हातातली बंदूक घेतली आणि ती उघडायचा खटका मागे ओढला. काडतूस उडून बर्फात पडलं. ते तिने उचललं, हातात फिरवलं.

"हेच?"

"हेच," तो म्हणाला. तो तिथेच बर्फात बसला आणि हुंदके देऊ लागला. एवढा मोठा बाप्या, पण आवाज पोरासारखा.

"ऊठ," एल्मा म्हणाली. "बर्फात बसू नकोस, कंबर धरेल."

तो उठेना. तिने दोनदा सांगितलं, एकदा त्याच्या दंडाला धरून ओढलं, एक शिवीही घातली. मग तीच त्याच्या शेजारी बर्फात बसली.