बाजाराची तेरवी

भीतीला बसायला पाट देऊन तिची विचारपूस करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे साडू. माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. जरीपटक्याच्या बाजारात कापडाच्या एका दुकानावर त्यांचं शेअर दलालीचं कार्यालय आहे. मोबाइलवर विश्वास नसलेली सगळी गिऱ्हाइकं तिथे जिना चढून येतात. बाजार कोसळला की साडू संगणकाच्या पडद्यावर आपला दुपट्टा टाकतात. मेलेल्याचं तोंड सारखं पाहू नये, म्हणतात. मग तर्री-पोहे मागवतात आणि दाराकडे बघत बसतात.

अशाच एका दिवशी हिंगण्याच्या कारखान्यातला एक फिटर मोटारसायकलवरून उतरून धावत वर आला. मी तिथेच पुस्तक वाचत बसलो होतो.

"विका गा भाऊ, सगळं विका! डुबलो मी!"

"हेल्मेट काढ पहिले. डुबणारा माणूस हेल्मेट घालते का?"

"मजाक नका करू. आणखी पडून राहिला बाजार."

"म्हणजे मेलाच नं? मंग तेरवी होऊ दे. तेरवीच्या आधी घरातलं सामान विकते का कोणी? लोक थुंकतीन."

आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेरावा दिवस मोजून फुली मारली. फिटर दोन प्लेटा पोहे खाऊन गेला. तेराव्या दिवशी बाजार बराच सावरला होता. तो आला, पोहे तेवढे खाल्ले आणि विकायचं विसरून परत गेला.

हे नेहमी साधतं असं नाही. एका निवृत्त कारकुनाच्या बाबतीत तेरावा दिवस पहिल्याहून वाईट निघाला. तो भरल्या कार्यालयात वाट्टेल ते बोलला. साडूंनी मुकाट विकून दिलं, दलाली घेतली नाही आणि आठवडाभर पोह्यांना हात लावला नाही. पण नियम सोडला नाही. घरी तर तो वस्तूंनाही लागू आहे. खडखडणारा फ्रीज विकायचं निघालं तेव्हा त्यांनी त्याचीही तेरवी धरली. फ्रीज अजून खडखडतो आहे. "आमच्या घरातून कोणतीच वस्तू जात नाही, भाऊजी," मेव्हणी म्हणते, "सगळ्या सुतकात बसून राह्यतात."

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. प्राथमिक शाळेत शिकवायची. दर महिन्याला साडूंकडून थोडेथोडे शेअर घ्यायची, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे ते माझ्या नावावर झाले आणि त्या कंपन्यांचे निरोप माझ्या फोनवर येऊ लागले. निरोप आला की मी फोन पालथा ठेवायचो. एका दुपारी मला ते सोसेना. मी फोन केला आणि म्हणालो, "तिचं सगळं विकून टाका."

"आज तर बाजार चढून राहिला, भाऊ. काहून?"

"मला नको आहे ते."

ते म्हणाले, "येतो."

बाजाराच्या वेळात कार्यालय सोडून ते स्कूटरवरून बेसा भागातल्या माझ्या घरी आले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "तेरवी सांगू नका," मी दारातच म्हणालो, "तिची झाली."

"मी काही बोलून राहिलो का? विकतो. पण एकेक नाव वाचून विकतो." त्यांनी खिशातून यादी काढली. "हे बिस्किटवाले. ताई म्हणे, माझ्या वर्गातले पोरं पोळी नाही आणत, डब्यात हेच आणते. विकू?"

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"हे रंगवाले. शाळेच्या भिंती रंगवल्या तेव्हा घेतले. दर पावसाळ्यानंतर ताई भिंतीवर हात फिरवून पाहे. रंग टिकला, यंदा ठेवू, असा मले फोन करे."

ते फोन मला आठवत होते. शेजारच्या खोलीत मी वाचत असायचो. बहिणीशी बोलत असेल, असं समजून दार ओढून घ्यायचो.

"विकू?"

"पुढचं वाचा," मी म्हणालो.

चार वाजले. बाजार साडेतीनलाच बंद झाला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. यादीत अजून चार नावं होती. साडूंनी चष्मा काढून पुसला. मी चहा ठेवायला उठलो आणि स्वयंपाकघरातून त्यांना सांगितलं, "मी आल्याशिवाय पुढचं वाचू नका."