तेल पाजलेली फळी

सिद्धलिंगप्पा यांची अर्धी हयात गिरणीतल्या यंत्रांना तेल घालण्यात गेली. हजेरीपटावर त्यांचे पूर्ण नाव होते, परंतु विणाई खात्यात त्या नावाने त्यांना कोणी ओळखत नसे. सारे जण त्यांना तेलवाले आप्पा म्हणत. लांब चोचीची झारी हातात घेऊन ते मागांच्या रांगांमधून फिरत आणि जेथे कुरकुर ऐकू येईल तेथे दोन थेंब सोडून पुढे जात. यंत्र कुरकुरले म्हणजे आपल्या कामात कसूर झाली, असे ते मानीत. पुढे गिरणी बंद पडली आणि फाटकाला कुलूप लागले. झारी परत कोणाच्या स्वाधीन करावी, हे सांगायलाही कोणी उरले नाही, म्हणून ती त्यांच्याबरोबर घरी आली आणि कोनाड्यात जाऊन बसली.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी मिळेल ते काम केले. घर चालत होते ते त्यांच्या पत्नी गौरम्मा यांच्या विड्यांवर. मांडीवर सूप घेऊन त्या सकाळपासून पाने कातरीत आणि तंबाखू भरून विड्या वळीत. तंबाखूच्या धुळीने त्यांना खोकला जडला होता. डॉक्टरांनी हे काम सोडण्यास बजावले होते. ते ऐकून गौरम्मा डॉक्टरांसमोरच हसल्या होत्या.

अशा वेळी दहावीची नवी पद्धत सुरू झाली. सात रस्ता चौकाच्या बाजूला असलेल्या एका शाळेत विज्ञानाचे साहित्य खोक्यांमधून येऊन पडले. चाकांची लहान गाडी, उतरती फळी, कप्प्या, ताणकाटे, आकड्यांची वजने, असे गती आणि बल शिकवण्याचे ते सारे सामान होते. ते सांभाळण्यास माणूस हवा होता. सिद्धलिंगप्पा यांना तात्पुरते ठेवून घेण्यात आले. मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितले की, दिवाळीपूर्वी अधिकारी तपासणीस येतील, आणि प्रयोगशाळेविषयी त्यांचा शेरा चांगला पडला तर आपण तुम्हाला कायम करू. त्या संध्याकाळी सिद्धलिंगप्पा यांनी साहित्याच्या कपाटाची किल्ली आपल्या कमरेच्या करदोड्यात ओवून गाठ मारली आणि गौरम्मांना म्हणाले, "कायम झालो की ते सूप माळ्यावर टाकायचं बग."

विज्ञानाचे शिक्षक मानसिंग सर हे करमाळ्याचे. ते या साहित्याला जिवापाड जपत. एका लांब लाकडी फळीविषयी ते फार काळजी घेत. तिच्या टोकाला कप्पी होती. फळीवर लाकडाचा ठोकळा ठेवीत, त्याची दोरी कप्पीवरून खाली सोडीत आणि दोरीला पारडे बांधीत. पारड्यात वजने वाढवीत गेले की ठोकळा एका क्षणी हलू लागे. सरांनी बजावले होते की, आप्पा, बाकी काही बिघडले तरी चालेल, पण ही फळी जपा, अधिकारी हाच प्रयोग करायला लावतात.

सिद्धलिंगप्पा यांनी हे शब्द मनावर कोरून घेतले. तास सुरू झाला की ते मर्यादा पाळून दाराबाहेर स्टुलावर बसत. आतले शिकवणे त्यांच्या कानी पडे, पण ते मुलांसाठी आहे असे समजून त्यांनी त्यात कधी लक्ष घातले नाही. त्यांना ऐकू येई तो ठोकळ्याचा आवाज. अडखळत, खरखरत तो पुढे सरके, आणि बाहेर बसलेल्या सिद्धलिंगप्पा यांचे दात शिवशिवत. एवढी महत्त्वाची फळी, आणि तिला तेलाचा थेंब कोणी देत नाही, याचे त्यांना वाईट वाटे.

नवरात्रात मानसिंग सर कमलाभवानीच्या दर्शनासाठी गावी गेले. खंडेनवमी आली. गिरणीत त्या दिवशी प्रत्येक माग धुऊन पुसून तेलाने न्हाऊ घालीत आणि त्याला झेंडूची माळ चढवीत. ज्या हत्याराने पोट भरते त्याची त्या दिवशी पूजा करायची, ही सिद्धलिंगप्पा यांची आयुष्यभराची रीत. त्यांनी मुख्याध्यापकांची परवानगी मागितली. मुख्याध्यापकांना आनंदच झाला. त्यांनी नारळ स्वतःच्या पैशाने आणून दिला.

नवी पेठेतून शिलाई यंत्राचे पातळ तेल आणून सिद्धलिंगप्पा यांनी कोनाड्यातली झारी भरली. गाडीच्या चाकांना, कप्प्यांच्या आसांना बेताने थेंब दिले. फळीला तेल देताना मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. कोरडे लाकूड तहानल्यासारखे तेल पीत गेले आणि ते पाजत गेले. मग कापडाने पुसून त्यांनी फळीला हळदकुंकू वाहिले आणि हात जोडले. या फळीने त्यांच्या घराचे दिवस पालटणार होते.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच दिवशी अधिकारी आले. मानसिंग सर एसटीतून उतरून तसेच वर्गात शिरले होते. अधिकाऱ्यांनी अपेक्षेप्रमाणे तोच प्रयोग मांडायला सांगितला. सरांनी जगदेवी नावाच्या हुशार मुलीला पुढे केले. तिने ठोकळा ठेवला, दोरी सोडली, रिकामे पारडे अडकवले, आणि वजन घालण्यापूर्वीच ठोकळा सुळकन जाऊन कप्पीवर आदळला. वर्ग हसला. तिने ठोकळ्यावर वजन ठेवून पुन्हा पाहिले. आता तो एका जागी घसरला, दुसऱ्या जागी चिकटून राहिला. दोन वेळचे उत्तर जुळेना. अधिकारी म्हणाले की, मुलीची तयारी झालेली दिसत नाही. जगदेवीने मान खाली घातली.

सरांनी फळीवरून बोट फिरवले आणि ते नाकाशी नेले. त्यांची नजर दाराकडे गेली.

सिद्धलिंगप्पा स्टुलावरून उठले होते. ते गप्प राहिले असते तर सरही कदाचित गप्प राहिले असते. पण मुलीच्या डोळ्यांतले पाणी त्यांना दिसत होते.

"साहेब, पोरीची चूक न्हाय," ते दारातूनच म्हणाले. "फळीला तेल मी पाजलंय. खंडेनवमी हुती की. आन् लई कुरकुरत हुती ती."

अधिकारी रागावले नाहीत. ते मोकळेपणाने हसले. "अहो बाबा, त्या कुरकुरीसाठीच तर ती फळी असते."

वर्ग पुन्हा हसला, या वेळी मोठ्याने. मानसिंग सर हसले नाहीत.

तपासणी आटोपल्यावर सरांनी त्यांना समोर बसवून सारे समजावून सांगितले. ठोकळा सरकायला नकार देतो, तो किती जोराने नकार देतो तेच मुलांनी मोजायचे असते, त्याला घर्षण म्हणतात. सिद्धलिंगप्पा यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "म्हंजे तेलवाल्याचं हितं कामच न्हवतं म्हना की."

त्यानंतर सिद्धलिंगप्पा त्या फळीच्या मागे लागले. तिला राख चोळली, सोड्याच्या पाण्याने धुतली, काचकागदाने घासली, उन्हात टाकली. सकाळी लाकूड कोरडे दिसे. दुपारचे ऊन चढले की तेल पुन्हा वर येई. शेवटी उन्हाने फळी वाकली.

शेरा यायचा तसा आला. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून अतिशय सौम्य शब्दांत सांगितले की, शाळेच्या मंडळाला आता विज्ञान शिकलेला माणूस हवा आहे. नारळाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि सिद्धलिंगप्पा यांनीही काढला नाही.

किल्ली मानसिंग सरांकडे परत करायची होती. घामाने करदोड्याची गाठ इतकी आवळली होती की ती सुटेना. त्यांनी पुष्कळ खटपट केली. सर म्हणाले की, राहू द्या, उद्या सोडवून आणा. उद्या पुन्हा त्या पायऱ्या चढणे त्यांना शक्य नव्हते.

"कापा, सर," ते म्हणाले.

सरांनी प्रयोगशाळेतले धारदार पाते हातात घेतले आणि करदोडा कापला.

घरी आल्यावर ते हातपाय धुण्यास बसले तेव्हा गौरम्मांना कमरेच्या करदोड्याचे कापलेले टोक दिसले. जिवंत माणसाच्या अंगावरून करदोडा उतरत नाही, तो मेल्यावरच कापतात, हे त्यांना ठाऊक होते.

"जित्त्या मानसाचा करदोडा कापत्यात व्हय?" त्यांनी विचारले.

सिद्धलिंगप्पा पाण्याने हात चोळीत राहिले. मग गौरम्मा खोकत खोकत भिंतीशी गेल्या आणि सूप मांडीवर ओढून खाली बसल्या.