भाचीचं नामकरण आणि माझे महागडे बूट

मंडळी, आज दुपारी विश्रांतवाडीच्या विहारात ताईच्या मुलीचं नामकरण होतं. आयुष्यात पहिल्यांदाच घेतलेले महागडे लेदरचे बूट घालून मी गेलो.

दारात चपलांचा ढीग होता. मी एक बूट या कोपऱ्यात ठेवला आणि दुसरा पार पलीकडे जिन्याखाली. एकच बूट कोण कशाला नेईल?

आत वंदना सुरू झाली, पण माझे कान दाराकडे. कोणी बाहेर गेलं की मी मान वळवून बघायचो.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर आलो तर दोन्ही जागा रिकाम्या. तेवढ्यात पायरीवर बसलेले एक आजोबा म्हणाले, "अहो, हे तुमचे का? एक इकडे, एक तिकडे पडला होता. जोडी लावून ठेवली."

सगळ्यांच्या चपलांपुढे, अगदी मधोमध. जीव भांड्यात पडला.

बूट छानच आहेत. पायात असले की खरंच सुख वाटतं. काढले की मात्र नुसता घोर. यापुढे अशा कार्यक्रमाला जुनी चप्पल, हे ठरवलं आणि आणखी हलकं वाटलं.

आता एवढंच सांगा, तुमच्यापैकी कोणी तिथे होतं का? भाचीचं नाव काय ठेवलं, ते मी ऐकलंच नाही. आणि ताईला विचारायची सोय नाही.