मेव्हण्याचा बिनवायरीचा माईक

आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माईकचा आवाज किती लांबनं येतो ते बघणं. माझ्या बायकोनं हातात बिनवायरीचा माईक धरून घरापासून विहिरीकडं चालत जायचं, तिच्या भावानं गळ्यात गिटार अडकवून तिच्या मागं जायचं, आणि मी अंगणात स्पीकरपाशी खुर्ची टाकून बसायचं. आवाज तुटला की टोपी हलवायची. दुसरं काही काम मला दिलं नाही, कारण मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमी बटनाला हात लावू नका, नुसतं बसा." असा हा माणूस. अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात याच्याएवढा दुसऱ्याचा वेळ खाणारा माणूस जन्मलेला नाही, आणि जन्मू पण नये.

बायको तुरीच्या पलीकडं दिसेनाशी झाली, तरी स्पीकरातनं माझ्या शेजारी बसल्यागत बोलत होती. "आवं, म्हशीला पाणी दावलं का? का बसलाव नुसतं? चुलीवर दूध हाय, उतू गेलं असंल बघा." उतू गेलंच होतं. सगळ्या वस्तीला कळलं. शेजारची म्हातारी कुंपणावरनं म्हणाली, "आता रानात पळालास तरी बायकू सोडत न्हाय बघ तुला." विहिरीपाशी पोचल्यावर तिनं देवीच्या गाण्याचं एक कडवं म्हटलं, मागनं गिटार वाजली. आवाज एकदासुद्धा तुटला नाही. टोपी माझ्या डोक्यावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यानं तो सेट सोलापूरच्या दुकानात परत नेऊन दिला. का, तर गिटारचा आवाज बोटाच्या मागनं, जरा उशिरानं येतो म्हणे. आणि शुक्रवारी सकाळी माझी बायको भाकरी थापता थापता कलली, ती उठलीच नाही. घट बसायला आठ दिवस राहिले होते. तिला तीन वर्षं एकच गोष्ट पाहिजे होती. नवरात्रात देवीच्या देवळात, सगळ्या बायांच्या मधे मांडी घालून बसून गायचं. तेवढंसुद्धा ह्या माणसाच्या निवडानिवडीमुळं झालं नाही. मेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मेव्हणा जिवंत आहे, म्हणून मला जे लिहायचं ते मी लिहिणार.

लोहाऱ्यात त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. उन्हाळ्यात दिलेली मोटार पावसाळ्यात परत मिळते, पण अशी मिळते की पुन्हा दहा वर्षं बघायला नको. कुठलीही वस्तू त्याला एकदम पटत नाही. चप्पल घ्यायची तर दुकानात पायात घालून चहा प्यायला जातो, परत येतो, मग दुसरी घालून पान खायला जातो. लग्नाच्या वेळी एकवीस मुली बघितल्या. शेवटी एका मुलीनंच ह्याला पसंत केलं, म्हणून संसार लागला. गिटार तो कुठल्याशा ऑर्केस्ट्रातल्या माणसाकडून शिकला. बहिणीचा गळा गोड, तिला देवीची, हळदीची, डोहाळजेवणाची गाणी पाठ. ह्यानं त्या गाण्यांना गिटार लावली. पहिल्यांदा लोक हसले. मग बोलवायला लागले. दोघं भाऊबहीण गायला-वाजवायला आणि मी वायर धरायला.

वायर धरणं म्हणजे काय हे ज्यानं धरली त्यालाच माहीत. बायको पुढं सरकली की वायर सोडायची, मागं आली की गुंडाळायची. बायांच्या पायात जाऊ द्यायची नाही, पंगतीतल्या वाढप्याला अडकू द्यायची नाही. एका लग्नात वरमाईच अडकली आणि हळदीच्या ताटासकट नवऱ्या मुलाच्या मांडीवर जाऊन बसली. सगळे मला बोलले. तिथं बायको म्हणाली, "बास झालं. बिनवायरीचं घ्या. मला बायांत बसाय येईना की पुढं जाय येईना, दावणीला बांधल्यावानी झालंय." मेव्हणा म्हणाला, "घेऊ की आक्का. निवडून घेऊ." त्या 'निवडून'मध्ये तीन वर्षं गेली.

पहिला सेट आणला. माईक आणि गिटारच्या बुडाला खोचायची काडेपेटीएवढी डबी, असे दोन जिन्नस, आणि दोघांचा आवाज धरायला स्पीकरपाशी एक डबा. घरी झकास चालला. लग्नात गेलो तर मांडवात तीनशे मोबाईल, आणि आवाज खायला लागला. नवरी उखाणा घ्यायला उभी राहिली, सगळा उखाणा खणखणीत आला आणि नेमकं नवऱ्याचं नावच गायब. म्हाताऱ्यांनी तिला पुन्हा घ्यायला लावलं, पुन्हा नाव गायब. तिसऱ्यांदा ती पोरगी माईक खाली ठेवून बोंबलली. त्या सगळ्यात मेव्हणा हात हलवत मांडवभर फिरतोय, "बाजूला व्हा, लहरी अडवताय तुमी." माणसाचं अंग म्हणजे पाण्याची पखाल, त्यातनं लहरी जात नाहीत, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून त्यानं कुणाला सोडलं नाही. नवऱ्या मुलाच्या चुलत्याला हाताला धरून उठवलं. चुलते जाड होते. ते म्हणाले, "म्या पोराचा चुलता हाय, तुझ्या लहरीचं काय मला सांगतो?" त्यांना अजून राग आहे.

तो परत केला. दुसरा आणला, तो मोबाईलला दाद देईना, पण त्याच्या लहरीचा नंबर बदलता येत नव्हता, दुकानातनं ठरून आला होता तोच. उमरग्याकडं एका कार्यालयात एकाला लागून एक दोन लग्नं. शेजारच्या लग्नातल्या वाजंत्र्याकडं नेमका तसलाच सेट. बायको गात होती ती मधेच थांबली आणि आमच्या स्पीकरातनं जाड आवाज आला, "वऱ्हाडी मंडळींनी जेवायला चलावं, पानं वाढलीत." आमच्याकडची निम्मी मंडळी उठली आणि शेजारच्या पंगतीत जाऊन बसली. गुलाबजाम तिकडं होते, आमच्याकडं शिरा होता, त्यामुळं परत कुणी येईना. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. मेव्हणा कानात बोट घालून म्हणतो, "पण दाजी, आवाज काय सोच्छ आला बघा." मी त्याला तिथंच मारणार होतो, स्पीकरची वायर हातात होतीच.

तेरखेड्याला एका बारशाला गेलो तर तिथं निराळंच. गावात घरोघर फटाक्याचं काम. मेव्हणा म्हणाला, लहरीनं दारू पेटते का, हे आधी कुणाला तरी विचारायला पाहिजे. मालक म्हणाला, "आमच्या हितं दिवसभर मोबाईल वाजत्यात, कुठं काय पेटलं?" ह्याला ते पटेना. शेवटी गाण्यावाचूनच पोराचं नाव ठेवलं.

सेल ताजा आहे का, हे तो जिभेला लावून बघायचा. चौकोनी सेल जिभेला लावला की झिणझिण्या येतात. स्वतः लावला की मग मला लावायला लावायचा, "दाजी, तुमची जीभ काय म्हणती?" माझी जीभ काय म्हणायची ते इथं लिहिता येत नाही. माईक बुडाला धरायचा नाही, तिथं त्याचा कान, म्हणजे एरियल असते, असं त्यानं बायकोला इतकं घोकवलं की ती वरवंटासुद्धा मधोमध धरायला लागली. आणि दर दोन-तीन महिन्यांनी दोघं सकाळच्या एसटीनं सोलापूरला जायचे. नवीन आलंय म्हणे. दिवसभर बघायचे आणि सांजच्याला हात हलवत परत यायचे. मी विचारायचो, "घेतला?" बायको म्हणायची, "त्याला पटला न्हाय." मी म्हणायचो, "तुला पटला का?" ती नुसती हसायची. गिटारचा आवाज मागनं येतो, ही शेवटची खोड. मला काही ऐकू आलं नाही. बायकोनं त्याला सुनावलं, "तुझ्या जन्मात काय येळेवर आलंय रं, आता गिटारच तेवढी राहिली व्हय?" तरी त्यानं सेट परत केलाच.

ती गेल्यावर वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही. दहाव्याला आला, तेराव्याला आला, मी पाठ फिरवून बसलो. दिवाळीला आला तेव्हा मी कडी लावून घेतली. लोक म्हणाले, तोच एक तिच्याकडचा राहिलाय. मी म्हटलं, राहू द्या.

वर्षश्राद्धाला येऊ नको म्हणता येत नाही. पानं उठली, पाहुणे गेले, दुपारी ओसरीवर आम्ही दोघंच राहिलो. त्यानं पिशवीतनं एक खोका काढला आणि तिच्या फोटोपुढं ठेवला.

"दाजी, घेतला."

माझ्या डोक्यात आगच गेली. म्हटलं, "आता घेतला? कुणाला घेतला? तीन वर्सं तिला झुलवलंस, तीन नवरात्रं ती वायरीपायी खांबाला टेकून हुबी राहून गायली, गुडघं धरत घरी आली. आता फोटूला माईक देतोस व्हय रं भाड्या? उचल ते आन् चालता हो."

तो हलला नाही. खाली बघत म्हणाला, "नवरात्रात बायांच्या मधी फिरवू म्हटलं. एकेकीनं एकेक कडवं म्हणायचं, आक्काचं."

"फिरव तुझ्या घरात. तिला पाहिजे होता तवा का न्हाय दिलास ते सांग."

त्यानं फोटोपुढचा खोका सरळ केला. मग म्हणाला, "दाजी, तुमाला खरं सांगू का? पहिल्या वर्सीच एक सापडला होता. चांगला. निवडायचं काय बी राहिलं नव्हतं."

मी उठून उभाच राहिलो.

"आक्काचं लगीन झालं तवा म्या आठ वर्साचा. त्यानंतर पंचमी आन् भाऊबीज. कार्यक्रमाला भेटायची, पण तिथं गर्दी. सोलापूरला जाताना तीन तास आन् येताना तीन तास आमी दोघंच."

"काय बोलायचा एवढं?"

"काय न्हाय. आक्का झोपायची. लोहारा सुटलं की माझ्या खांद्यावर डोस्कं टाकून झोपायची, सोलापूर आलं की म्या तिला उठवायचा. येताना परत झोपायची. दुकानात गेलं की म्या म्हणायचा, न्हाय पटलं. ती म्हणायची, न्हाय पटलं तर परत येऊ की."

मी त्याला म्हटलं, "नीघ." तो खोका तिथंच ठेवून निघून गेला.

मी एकोणपन्नास वर्षं तिच्या घरात राहिलो. तिला दिवसा झोपलेली मी कधी बघितली नाही. पहाटे चारला उठायची. शेण, दूध, भाकरी, रान. मी तिला कधी म्हटलं नाही की नीज जरा. माझ्या डोक्यात आलंच नाही. मेव्हण्यानं तिला बायांत बसून गाऊ दिलं नाही, हे खरंच आहे आणि त्याचा राग मी सोडणार नाही. तो मरेपर्यंत सोडणार नाही. फक्त एवढंच की त्या दिवशी सांजच्याला राग कुणावर धरून बसावं ते मला नीट कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढली, दूध घातलं आणि खोका काखेत मारून जीपनं लोहाऱ्याला गेलो. तो दुकान उघडत होता. मला बघून शटर अर्ध्यावरच धरून उभा राहिला.

मी खोका त्याच्या पोटाला लावला. म्हटलं, "परत कर हे."

"का वो, दाजी?"

"जड हाय. म्हाताऱ्या बायांच्या हातात फिरवायचा म्हणतोस, मनगटं जातील त्यांची. हलका बघाय पाहिजे."

"दाजी, याच्यापरीस हलका कुठं..."

"असंल की. बघितल्याबिगर कसं कळतंय?"

त्यानं खोका हातात घेतला. मग हळूच म्हणाला, "घट बसाय सातच दिवस हायत."

"लई झाले. दोन-तीन खेपा होतील."

त्यानं शटर खाली ओढलं आणि कुलूप घातलं. सोलापूरची गाडी लागलीच होती. आम्ही चढलो, शेजारी शेजारी बसलो, खोका त्याच्या मांडीवर. कंडक्टर आला. मी म्हटलं, "एक पूर्ण, एक म्हाताऱ्याचं अर्धं. सोलापूर."